एक जागा, एक वार: ख्रिस्ती विद्यापीठात शिकताना करायची सेवा

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तू 'मावशी' म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही मोकळेपणाने लिहिते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: राहुरीकडच्या गावातली तू, मंडळीत चार वर्षं संडे स्कूलची मुलं सांभाळलीस, आता जूनमध्ये पुण्यातल्या ख्रिस्ती विद्यापीठात बी.एस्सी.ला जाणार, हॉस्टेलला राहणार. तिथे विद्यार्थ्यांना कोणकोणती सेवा करायला मिळते, आठवड्याला किती वेळ द्यावा आणि पहिल्याच वर्षी त्यात पडावं का, हे तुला जाणून घ्यायचंय. आणि शेवटी एक ओळ: 'आई म्हणते, सेवेच्या नादात अभ्यास बुडेल.'

एका ख्रिस्ती कॉलेजात मी २६ वर्षं विद्यार्थ्यांच्या सेवागटांचं काम पाहिलं. तेवढ्या वर्षांतून एकच गोष्ट ठामपणे सांगता येते. एक जागा धर, एक वार धर, आणि त्या वारी वर्षभर तिथे जा. कोणती जागा, कोणतं काम, हे त्यानंतरचं.

आमच्याकडे मिझोरामचा एक मुलगा होता. मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकीतोडकी. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाणाऱ्या गटात एक जागा रिकामी होती, म्हणून तो आला. बोलता येत नव्हतं, म्हणून हाताला येईल ते काम करायचा. कुष्ठरोगात पायाची जाणीव जाते. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखमा चिघळत जातात. म्हणून रोज पाय पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, तेल लावायचं, मऊ रबराच्या खास चपला घालायच्या. घमेली भरणं, पाणी बदलणं, पाय टिपून कोरडे करणं, नवी भेग दिसली तर सिस्टरांना दाखवणं, हे त्याने दर मंगळवारी दोन वर्षं केलं. एकदा तो तापाने आजारी पडला. त्या दिवशी एका आजोबांनी मला विचारलं, "आज मंगळवार कुठाय?" मला वाटलं, त्यांना वार कळत नाही. मग लक्षात आलं, त्याचं मिझो नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं. पोराचंच नाव मंगळवार झालं होतं.

तुझ्या मनात भीती असेल तर हेही सांगते. कुष्ठरोगावरचं बहुविध औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि ते सुरू झालं की रोग पसरत नाही. वसाहतीतल्या बहुतेकांचे उपचार तर कधीच पूर्ण झालेले असतात. उरलेलं असतं ते अपंगत्व आणि घरच्यांनी बंद केलेलं दार. त्या दारावर कुणीतरी न चुकता येतं, यालाच तिथे किंमत आहे.

याच्या उलट काय होतं, ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नाताळच्या आधी आम्ही चाळीस मुलं आणि तीन रिक्षा भरून कपडे घेऊन एका वस्तीत गेलो. कुणाला विचारलं नव्हतं. वाटप सुरू झालं आणि दहा मिनिटांत रेटारेटी, ओढाताण, एका म्हातारीला खाली पाडलं. आम्ही गाणी म्हणून, फोटो काढून परत आलो. दोन दिवसांनी त्या वस्तीतल्या छोट्या मंडळीच्या पाळकीणबाई माझ्याकडे आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, तुम्ही येता, वाटता आणि जाता. नंतरची भांडणं आमच्या दाराशी येतात." ज्यांना कपडे मिळाले नाहीत, त्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मी त्यांची माफी मागितली. पुढे आमच्या गटांसाठी नियमच केला: स्थानिक पाळक, अंगणवाडीताई, शाळेचे मुख्याध्यापक किंवा संस्थेची मेट्रन, यांपैकी कुणीतरी बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि गेल्यावर त्यांच्या हाताखाली काम करायचं.

विद्यार्थ्यांची सेवा ही लहान गोष्ट आहे असं कुणी म्हणालं, तर आपल्या नगरचाच इतिहास त्याला सांग. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडले, गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथे त्यांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेतून वाढलेल्या चळवळीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. १८३१ मध्ये ती मिशन नगरला पोहोचली. तुझ्या गावातली मंडळी बहुधा त्याच झाडाची फांदी असेल. पुढे १८८६ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे शंभर विद्यार्थ्यांनी मिशनसेवेसाठी स्वतःला देऊ केलं आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर चळवळ उभी राहिली. तिचा एक प्रमुख प्रवर्तक रॉबर्ट वाइल्डर जन्मला होता कोल्हापुरात. त्याचे वडील तिथे मिशनरी होते. त्या शंभरांतला जॉन मॉट पुढे १९४६ च्या शांततेच्या नोबेलचा मानकरी झाला. आणि १९०५ मध्ये केडगावला, पंडिता रमाबाईंच्या 'मुक्ती मिशन' या आश्रमात, दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी प्रार्थनेचे गट केले आणि गावोगाव निघाल्या. त्या मुलींच्या पदरी ना पदवी होती, ना घर. पहिल्या वर्षाला आहेस म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस.

आता संधींबद्दल. प्रत्येक संस्थेची रीत तिच्या परंपरेप्रमाणे वेगळी असते. औंधचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीचं आहे. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली ती शाळा १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ मध्ये राज्याच्या कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ॲडव्हेंटिस्ट मंडळीत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळतात. शनिवारी सकाळी शब्बाथ शाळा आणि उपासना होते, आणि दुपार ही भेटीगाठींची, बाहेरच्या सेवेची, असा त्या मंडळीचा जगभरचा प्रघात आहे. कॅथलिक संस्थांची पद्धत निराळी. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये सामाजिक सहभागाचे ६० तास अभ्यासक्रमाचाच भाग असतात, मग विद्यार्थी कुठल्याही धर्माचा असो. बेंगळुरूच्या क्राइस्ट विद्यापीठात सामाजिक कार्याचं स्वतंत्र केंद्र आहे आणि त्यांचा एक परिसर आपल्या लवासालाही आहे. तू नगरची, म्हणून हेही: डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी १९४७ मध्ये उभारलेल्या अहमदनगर कॉलेजात ग्रामीण विकासाचा आणि समाजकार्याचा वेगळा विभागच आहे. पुढे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावंसं वाटलं, तर घराजवळच सोय आहे.

तू सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) असशील आणि विद्यापीठ दुसऱ्या पंथाचं, तर पहिल्याच आठवड्यात चॅप्लिनना, म्हणजे विद्यापीठाच्या पाळकांना, नम्रपणे दोन प्रश्न विचार. रविवारी मला माझ्या मंडळीत उपासनेला जाता येईल का? आणि तुमच्या सेवागटात मी माझ्या पंथाची राहून येऊ शकते का? हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. राज्यघटनेच्या २८ व्या कलमात मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतल्या धार्मिक शिक्षणाला आणि उपासनेला संमतीची अट आहे. पण मी पाहिलेले बहुतेक चॅप्लिन असा प्रश्न ऐकून खूशच होतात, कारण विचारणारी मुलगी पुढे टिकते.

आवारातल्या सेवा तुला आपोआप दिसतील: उपासनेचं गायनपथक, प्रार्थनागट, नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत, चॅपलची मांडामांड. त्यावर जास्त लिहीत नाही. मात्र हॉस्टेलमधल्या एका सेवेला पाटी नसते, आणि तिची गरज सर्वांत मोठी असते. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाची मुलं घरच्या आठवणीने कोमेजतात. कुणी मेसमध्ये जेवत नाही, कुणी अंथरुणातून उठत नाही, कुणाला इंग्रजीत चाललेला तास कळत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. अशा मुलीसोबत जेवायला बस. ताप आला तर दवाखान्यात सोबत जा, रात्री औषधाची आठवण कर. आणि हे नीट लक्षात ठेव: एखादी मैत्रीण 'जगावंसं वाटत नाही' म्हणाली, तर तिच्यासोबत प्रार्थना जरूर कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. त्याच रात्री वॉर्डनना सांग. 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ तिने घातली असेल, तरी सांग. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, तोही लावता येतो. एका मुलीच्या मैत्रिणींनी ती शपथ पाळली होती. आम्ही तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचलो ते केवळ मेसच्या मावशींमुळे. तिचं ताट तीन दिवस तसंच परत येतंय, हे त्यांनी पाहिलं होतं.

बाहेरच्या सेवांपैकी तुझ्या हाताला सर्वांत लवकर बसेल ती वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका. संडे स्कूलचा तुझा अनुभव इथे फार उपयोगी पडेल, पण एक फरक ध्यानात घे. संडे स्कूलला येणारी मुलं मंडळीच्या घरातली असतात, त्यांच्या आईबापांना माहीत असतं की तिथे बायबलच्या गोष्टी सांगतात. अभ्यासिकेला येणारं मूल पाढे आणि वाचन शिकायला येतं. पालकांना जे सांगितलं तेच शिकवायचं. 'अभ्यास' सांगून दुसरं काही शिकवणं ही फसवणूक आहे, आणि ख्रिस्ती माणसाने ती मुळीच करू नये. तुझ्या वाट्याला सहा मुलांपेक्षा जास्त घेऊ नकोस. पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घे आणि कोण कुठे अडखळतो ते वहीत लिहून ठेव. पाचवीतलं मूल जोडाक्षराला अडतं आणि आपण त्याला पाचवीचं पुस्तक शिकवत बसतो, ही चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे. 'प्र' आणि 'र्प' यांतला फरक कळला की त्या मुलाची मान वर येते, ती बघण्यासारखी असते.

मुलांसोबत काम करताना काही गोष्टींना सूट नाही. एका मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही. दोन मोठी माणसं कायम हजर हवीत. मुलांचे फोटो मोबाइलवर ठेवायचे नाहीत, त्यांना खासगी मेसेज पाठवायचे नाहीत, एकाच मुलाला गुपचूप भेटवस्तू द्यायची नाही. एखाद्या मुलाने किंवा मुलीने वाईट स्पर्शाबद्दल काही सांगितलं, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. लपवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन तोंडपाठ ठेव. 'मंडळीचं नाव खराब होईल' असं म्हणून असली गोष्ट आतल्या आत मिटवायला सांगणारा माणूस कितीही मोठ्या पदावर असला, तरी त्याचं ऐकायचं नाही.

दवाखान्यातल्या भेटी हे काम दिसायला सोपं आणि करायला अवघड. वॉर्डात शिरताना सिस्टरांची परवानगी, खाटेवर बसायचं नाही, हात धुऊन आत आणि हात धुऊन बाहेर. सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात. 'कसं वाटतंय' विचारलं की गप्प राहायला शिक. आजारी माणसाला बोलायचं असतं आणि आपल्याला घाईने धीर द्यायचा असतो. प्रार्थना त्याने मागितली किंवा विचारल्यावर मनापासून हो म्हटलं तरच करायची. संकोचाने मान हलवणं आणि हो म्हणणं यांतला फरक आपल्याकडच्या मुलींना बरोबर कळतो. बरं होण्याचं वचन कधीही द्यायचं नाही. 'गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा' हे वाक्य तर तोंडातून निघताच कामा नये. चमत्काराचे दावे करून लोकांना फसवण्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय काढलं, तेव्हापासून आपल्या मंडळ्यांनी चाकू, टाके आणि औषध ही देवाच्या हातातली साधनं मानली आहेत.

आणखी एक काम आहे, ज्याकडे फार कमी विद्यार्थी वळतात. अंध विद्यार्थ्यांना लेखनिक हवे असतात आणि वाचून दाखवणारे हवे असतात. मुंबईच्या झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र आहे, आणि पुण्यातही अंध मुलांच्या शाळा आहेत. परीक्षेत लेखनिकाला कोणती पात्रता चालते हे आधी विचारून घे, कारण स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा लागतो. परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर म्हणजे तू चार तास खाली मान घालून लिहिणार. तो सांगेल तेच लिहायचं. उत्तर चुकतंय हे कळत असूनही लेखणी थांबवायची नाही आणि सुचवायचंही नाही. स्वतःला बाजूला ठेवणं म्हणजे काय, ते मला या कामाइतकं दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून तुझी मागणी जास्त असेल, कारण आकृत्या आणि समीकरणं वाचून दाखवता येणारी माणसं कमी असतात.

तुझी आणखी एक जमेची बाजू तुला कदाचित माहीत नसेल. पुण्यातल्या ख्रिस्ती विद्यापीठांत ईशान्येकडचे, दक्षिणेकडचे, परदेशातले विद्यार्थी पुष्कळ. आवारात इंग्रजी चालते आणि फाटकाबाहेर मराठी. गट वस्तीत गेला की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळतील. दुभाषी होणं ही स्वतंत्र सेवा आहे आणि ती प्रामाणिकपणे कर. आजी तीन मिनिटं बोलल्या आणि तू 'शी इज फाइन' एवढंच सांगितलंस, तर आजींचं बोलणं तू खाऊन टाकलंस. दुसरीकडे गटातल्या कुणी उत्साहाच्या भरात न शोभणारं काही म्हटलं, तर ते भाषांतर न करता त्यालाच बाजूला घेऊन सांगण्याचा हक्कही तुझाच. गाणी निवडायची वेळ आली तर गिटारवरच्या इंग्रजी गाण्यांसोबत आपली भजनं पुढे कर. नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली, नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनं दिली. टाळ-पेटीवर एक भजन सुरू झालं की वृद्धाश्रमातल्या, आयुष्यात चर्चची पायरी न चढलेल्या आज्याही ठेका धरतात. मिझो आणि नागा मुलं सुरात पक्की असतात, आठवड्यात भजन उचलतात. मंगळवारने 'प्रभू' या शब्दाचा उच्चार जमवायला महिना घेतला, पण चाल पहिल्याच दिवशी पकडली होती.

सुवार्ता सांगण्याबद्दल तू स्पष्ट विचारलं नाहीस, पण वस्तीत गेलीस की हा प्रश्न येणारच. घटनेचं २५ वं कलम आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. तेव्हा कुणी विचारलं, 'पोरी, तू दर आठवड्याला का येतेस?' तर तुझी साक्ष मोकळ्या मनाने दे. पण मदत एका हातात आणि पत्रक दुसऱ्या हातात, असं कधीही करू नकोस. उपाशी माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक नसते. सोबत परदेशी विद्यार्थी असतील तर त्यांनाही सांभाळ. विद्यार्थी व्हिसा शिकण्यासाठी असतो, धर्मप्रसारासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो, आणि हे न कळल्यामुळे पोरं अडचणीत येऊ शकतात. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा आमचे नर्सिंगचे विद्यार्थी वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करायचे. त्या दिवशी पत्रकं आणायची नाहीत, हे मी दरवर्षी दोनदा बजावून सांगायचे. पाय धुण्याचा जो कित्ता प्रभूने घालून दिला, त्यात त्याने आधी कुणाचा विश्वास तपासला नव्हता.

डिसेंबरबद्दल एक विनंती. एका वृद्धाश्रमात मी नाताळच्या आठवड्यात सात कॅरोल गट मोजले होते. आज्यांना आठव्या केकचा कंटाळा आला होता. जूनच्या पावसात, छत गळत असताना, तिथे मंगळवार आणि त्याच्या दोन मित्रांशिवाय कुणी फिरकत नव्हतं. सगळे जातात त्या महिन्यात तू नाही गेलीस तरी चालेल. पाऊस, परीक्षेआधीचे दिवस, एप्रिलचं ऊन, तेव्हा जा.

वेळेचा हिशेब साधा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास द्यावे लागतात, म्हणजे वर्षाला १२०. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला तीन तास. पहिल्या वर्षी तूही तीनच तास दे, जाण्यायेण्याचा वेळ धरून. जागा म्हणूनच बसने अर्ध्या तासाच्या आतली निवड. भाड्याचे पैसे स्वतःच्या खर्चातून जाणार असतील तर ते घरी आधी सांग. जूनमध्ये काही ठरवू नकोस. दोन-तीन गटांसोबत एकेकदा जाऊन बघ आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक जागा पक्की कर. गटप्रमुखाला लगेच सांगून ठेव की परीक्षेआधीचे दोन आठवडे मी येणार नाही. मुलांना किंवा आजोबांनाही तेच सांग, कॅलेंडरवर खूण करून दाखव. सांगून न जाणं त्यांना चालतं, न सांगता गायब होणं त्यांनी आयुष्यभर सोसलेलं असतं.

दोन-तीन गटांत एकदम नाव घालण्याचा मोह होईल, विशेषतः तू चांगली गातेस आणि चांगली शिकवतेस म्हटल्यावर. लोक मागे लागतील. 'नाही' म्हणताना अपराधी वाटू देऊ नकोस. माझ्याकडे नापास होऊन रडत आलेली मुलं बहुतेक चार-चार समित्यांवरची असायची. एका जागी आठवड्याला तीन तास जाणारं मूल केवळ सेवेपायी नापास झालेलं मला आठवत नाही. मेच्या सुट्टीत हात मोकळे असतील तेव्हा गावी सुट्टीतली बायबल शाळा घे, किंवा केडगावला मुक्तीत जाऊन ये. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव स्टेशनला उतरायचं. आधी पत्र किंवा फोन करून जा, तिथली माणसं कामात असतात.

आता आईचं. तिची भीती चुकीची नाही. मुलीला शिकवायला तिने काय काय मोडलं असेल ते तिलाच ठाऊक. तिला समजावत बसू नकोस. पहिल्या सहामाहीचा निकाल तिला दाखव आणि दिवाळीनंतर ती तुला भेटायला येईल तेव्हा तिला तुझ्या वारी, तुझ्या जागी घेऊन जा. मंगळवारची आई दुसऱ्या वर्षी ऐजॉलहून आली होती, मुलाचं काय चाललंय ते बघायला. वसाहतीतल्या आजोबांनी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तिने पदराआडून, म्हणजे तिच्या त्या पुआनच्या, मिझो बायका गुंडाळतात त्या वस्त्राच्या, काठाने, डोळे पुसले आणि घमेल्यात हात घालून पाणी पुरेसं कोमट आहे का ते पाहिलं.